दोन खेचरांची माती : प्रवचनाच्या वहीतल्या नोंदी

सोमवार, २८ जुलै २०२५

काल रात्री जेवताना ब्रदरनं विचारलं, "फादर, प्रवचनाचा विषय तुम्ही कसा निवडता?" तोंडात घास होता म्हणून जरा वेळ मिळाला. गुरुदीक्षेला एकोणीस वर्षं झाली, म्हणजे हजाराच्या आसपास रविवार माझ्या खात्यावर आहेत. आणि उत्तर काय दिलं, तर "प्रार्थना करायची, सुचतं." तो "हो फादर" म्हणाला आणि आमटी वाढून घेतली. सेमिनरीत हेच उत्तर त्याला चार जणांनी दिलं असणार.

म्हणून ही वही काढली. ब्रदर सेमिनरीत धर्मगुरू व्हायला शिकतोय आणि वर्षभर इथं रीजन्सीला, म्हणजे प्रत्यक्ष काम शिकायला, आहे. अजून डीकन (धर्मगुरूच्या आधीची दीक्षा) नाही, त्यामुळे मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, प्रवचन त्याला करता येत नाही. १९८३ च्या कॅनन लॉचं, म्हणजे चर्चच्या कायद्याचं, ७६७ वं कलम ते काम धर्मगुरू आणि डीकन यांच्यापुरतंच ठेवतं. पण तयारीत हात घालायला कुणाची ना नाही. ऑक्टोबर संपेपर्यंत दर रविवारी काय धरलं, काय सोडलं आणि कुठं तोंडावर पडलो ते लिहायचं. दिवाळीनंतर लिहिण्यात अर्थ नाही. आमचं केंद्र बीड जिल्ह्यात गोदावरीच्या अंगाला, सहा उपकेंद्रं, बरीच घरं ऊसतोडीची. दिवाळी झाली की कोयते कारखान्याच्या फडावर जातात, मागं म्हातारी माणसं आणि पोरं उरतात.

त्याला आजच एक सांगून टाकलं. निवडीचं अर्धं काम आपलं नाहीच. १९६९ मध्ये नवा वाचनक्रम आला, तेव्हापासून रविवारच्या शुभवर्तमानाचं तीन वर्षांचं चक्र आहे : मत्तय, मार्क, लूक. यंदा लूक. समोर काय येणार ते ठरलेलं असतं, आपण ठरवायचं ते त्यातलं कुठं थांबायचं. मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांत ६५ व्या परिच्छेदात लिहिलंय की प्रवचन म्हणजे वाचनांतल्या किंवा त्या दिवसाच्या मिस्सेतल्या दुसऱ्या एखाद्या पाठाच्या एका पैलूचा उलगडा, आणि तोही ऐकणाऱ्यांची गरज बघून. एका पैलूचा. सगळ्यांचा नाही.

दुसरं, रविवारच्या तिन्ही वाचनांची (जुना करार, पत्र, शुभवर्तमान) मोट बांधायला जायचं नाही. नवे फादर हमखास इथं घाम गाळतात. सामान्य काळात, म्हणजे मोठे सण आणि त्यांची तयारी सोडून उरलेल्या दिवसांत, पहिलं वाचन शुभवर्तमानाला जुळवून घेतलेलं असतं, पण दुसरं आपल्या वाटेनं चालत असतं. पौलाचं पत्र आठवड्यामागून आठवडे जवळजवळ सलग वाचत जायचं, एवढाच त्याचा हिशेब. ते चुकून जुळलं तर जुळलं. आगमन काळात, उपवास काळात, सणाला गोष्ट वेगळी, तिथं तिन्ही एका दिशेनं लावलेली असतात.

शुक्रवार, १ ऑगस्ट

लूक १२, कोठारं पाडून मोठी बांधणारा श्रीमंत मूर्ख. सोबत जुन्या करारातल्या उपदेशकाचं "व्यर्थच व्यर्थ". वाचताक्षणी विषय सुचला. इतका लगेच सुचला की संशय यायला हवा होता.

आमच्यातल्याच एकानं हमरस्त्याला मोठं गोडाऊन बांधलंय, निळ्या पत्र्याचं. ईस्टरपासून त्याचं चर्चला येणं कमी झालंय. मी पान भरून लिहिलं. त्याचं नाव कुठंही नाही, फक्त "पत्रा" हा शब्द दोनदा.

रविवार, ३ ऑगस्ट

फसलं. पहिल्यांदा "पत्रा" म्हणालो तेव्हा चार माना वळल्या, दुसऱ्यांदा म्हणालो तेव्हा सगळ्या. तो तिसऱ्या बाकावर होता; नेमका आजच आला होता. ख्रिस्तप्रसादाला उठला नाही.

मिस्सेनंतर हापशावर एक बाई भांडं घासता घासता म्हणाली, "फादर, पहिल्याच ओळीत आमचं घर होतं. तुमी कोठारावर गेलात." घरी येऊन पुन्हा वाचलं. तिचं बरोबर होतं. दृष्टान्त सुरू कशावरून होतो? गर्दीतला एक जण म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा. वाटणी! या धर्मग्रामात भावकीचा वाद नाही असं घर मला दाखवा. बांध कोरण्यावरून बोलणं बंद, सातबाऱ्यावर बहिणीचं नाव राहिलं म्हणून राखी बंद. येशू तर वाटणी करून द्यायला नकारच देतो, "मला तुमच्यावर न्यायाधीश कुणी नेमलं?" हे सगळं समोर असताना मी एका माणसाच्या पत्र्यावर आठ मिनिटं घालवली.

मंगळवार, ५ ऑगस्ट

त्याच्या घरी जाऊन आलो. चहा आला, बिस्किटं आली, विषय निघेना. शेवटी तोच म्हणाला, "या फादर, दाखवतो." कुलूप काढलं. आत काहीच नाही. कोपऱ्यात दोन ताडपत्र्या आणि एक मोडका वजनकाटा. भाड्यानं जाईल म्हणून कर्ज काढून बांधलं, कुणी घेतलं नाही, हप्ते चालू आहेत. "कोठार मोठंय फादर, भरायचं राहिलंय."

माफी मागितली. वेदीवरून केलेली चूक घरात बसून पूर्ण फिटत नाही हेही कळलं. ब्रदरसाठी लिहून ठेवतो : लिहिताना एखाद्याचा चेहरा डोळ्यांसमोर येतो, तो येणारच. पण तो चेहरा पाहून आपल्याला बरं वाटत असेल, तर ते पान फाडायचं.

बुधवार, १३ ऑगस्ट

नवी पद्धत सुरू केली. माझ्या डोक्यातली नाही; अमेरिकेतल्या बिशपांच्या समितीनं १९८२ मध्येच सुचवून ठेवलंय की धर्मगुरूनं चार लोकांना बरोबर घेऊन आधी वाचनांवर बसावं. आपल्याकडं बुधवारची घरगुती प्रार्थना असतेच. ब्रदर येत्या रविवारचं शुभवर्तमान दोनदा वाचेल आणि एकच प्रश्न विचारेल, "कुठं अडलं?" अर्थ काय, बोध काय, हे विचारायचं नाही. ते विचारलं की लोक शाळेतल्यासारखे सरळ बसतात आणि "प्रेम करावे" म्हणतात. अडलं कुठं, एवढंच. ब्रदरनं वहीत दोन रकाने आखलेत : ओळ, आणि कोण अडलं.

आज होतं लूक १२ मधलं, "मी शांती द्यायला आलो असं तुम्हाला वाटतं काय?" सगळे तिथंच अडले. एका म्हातारबांनी विचारलं, "छापताना चुकलंय का बघा."

गुरुवार, २१ ऑगस्ट

शेजारच्या गावात श्रावणाचा सप्ताह चालू आहे. सरपंचांचं आमंत्रण होतं, काल रात्री कीर्तनाला जाऊन बसलो. ब्रदरला मुद्दाम बरोबर नेलं.

महाराजांनी एक अभंग घेतला. चार चरण. दोन तास तो सोडला नाही. मध्ये सासू आली, बँक आली, मोबाईल आला, पोरांची लग्नं जमत नाहीत ते आलं. पण दर वेळी टाळ वाजले की गाडी पुन्हा त्याच चरणावर. परतताना ब्रदर म्हणाला, "आपल्याला आठ मिनिटं आणि तीन वाचनं, त्यांना दोन तास आणि एकच अभंग." मला हसूच आलं. आपण उलट्या हिशेबानं चाललोय.

आणि अभंग तरी महाराज मनाला येईल तो घेतात का? काल्याच्या दिवशी काल्याचाच घ्यावा लागतो, कृष्णाच्या लीलांचा. प्रसंग ठरवतो, परंपरा ठरवते, आणि त्या चौकटीत महाराज बैलासारखे मोकळे फिरतात. (उद्या पोळा आहे म्हणून बैल आठवले असतील.) आमच्या लोकांचे कान या कीर्तनांवर तयार झालेत. ते माझी तुलना दुसऱ्या फादरशी करत नाहीत, महाराजांशी करतात.

आठ मिनिटांचं मूळ सांगायचं राहिलं. १२ जून २०२४ ला पोप फ्रान्सिस साप्ताहिक भेटीत म्हणाले होते की प्रवचन आठ मिनिटांच्या वर नको, नाहीतर लोकांना झोप येते. म्हणून ब्रदर मोबाईलवर घड्याळ लावतो. त्याआधी २०१३ च्या त्यांच्या प्रेषितीय उद्बोधनात एका जुन्या शिक्षकाची आठवण आहे : चांगल्या प्रवचनात एक विचार हवा, एक भावना हवी आणि एक चित्र. चित्र सापडलं की माझं बाकीचं मागून येतं. कोरडा विचार आधी आला की मी सेमिनरीत परत जातो.

सोमवार, १५ सप्टेंबर

कालचा रविवार पवित्र क्रुसाच्या सणानं घेतला. १४ सप्टेंबर रविवारी आला की सामान्य काळाचं वाचन बाजूला होतं. पहिलं वाचन गणना २१, वाळवंटात साप चावतात आणि मोशे पितळेचा साप काठीवर लावतो. विषय शोधावाच लागला नाही. या महिन्यात सोयाबीनमध्ये पाय टाकताना प्रत्येक जण सापच शोधत असतो. पोरं डोळे वटारून ऐकत होती. सात मिनिटं.

शनिवार, २० सप्टेंबर

आमोस ८, जुन्या करारातला संदेष्टा. "कधी एकदा अमावास्येचा सण संपतो आणि आम्ही धान्य विकतो," असं म्हणणारे व्यापारी. माप लहान, नाणं जड, तराजू खोटा, आणि गव्हाचं भुसकट तेही विकायचं. शुभवर्तमान बेइमान कारभाऱ्याचं, ते मात्र फार चिवट. टीकाग्रंथांत त्याच्यावर पानंच्या पानं आहेत आणि मला एकही पटलेलं नाही.

बुधवारी लोक कारभाऱ्यापाशी अडलेच नाहीत. आमोसपाशी अडले. तो "अडला" म्हणण्यापेक्षा घरी आल्यासारखा होता. मोंढ्यात काय काय होतं ते सांगायला चढाओढ लागली : ओलावा जास्त म्हणून कट, काड्या-माती म्हणून कट, पोत्याचं वजन, हमाली, नमुन्याचे दोन मुठी दाणे जे कधी परत येत नाहीत. यंदा सोयाबीनचा हमीभाव ५३२८ रुपये क्विंटल आहे हे सगळ्यांना पाठ आहे, आणि तो आपल्या हातात पडत नाही हेही.

मोह असा की आमोसला घ्यावं आणि व्यापाऱ्यांना झोडपावं. पण चर्चमध्ये एकही व्यापारी येत नाही. समोर नसलेल्याचं पाप काढलं की सगळे खूश होतात आणि कुणाचंच काही हलत नाही. ३ ऑगस्टला समोर बसलेल्याला झोडपून चुकलो, उद्या गैरहजर असलेल्याला झोडपून चुकायचं नाही. मग आमोसमधलं कोणतं वाक्य आमचं? "कधी एकदा सण संपतो." तेच घेतलं. वेचलेला कापूस जोखताना आपणही बाईच्या मजुरीतून काय कापतो, खुरपणीचे पैसे "पुढच्या आठवड्यात" कितीदा म्हणतो.

मंगळवार, २३ सप्टेंबर

परवा रात्रीपासून पाऊस. वीज नाही. दोन उपकेंद्रांचा रस्ता पाण्याखाली. पुढं लिहायचं काही नाही.

रविवार, २८ सप्टेंबर

लाजरसचा रविवार. गेल्या रविवारी पाऊस यायच्या आधीच टिपणं काढली होती. छान होती. श्रीमंताला नाव नाही, भिकाऱ्याला आहे. लूकच्या दृष्टान्तांत नाव असलेला हाच एक. आणि तो दाराशी पडला होता. "दार" हे चित्र धरलं होतं.

सकाळी कमरेइतक्या पाण्यातून ट्रॅक्टरवर बसून जिल्हा परिषदेच्या शाळेत पोचलो. कालपासून पुन्हा कोसळतोय, वर जायकवाडीचे दरवाजे उघडलेत, गोदाकाठची वस्ती रात्रीच हलवली. दोन वर्गखोल्यांत चाळीस-बेचाळीस माणसं, त्यात आमची सात घरं, बाकी गावातली. फळ्यावर अजून शुक्रवारचा सुविचार. बाकावर मिस्सेचं सामान मांडलं. कुणी हिंदू, कुणी आमचे, सगळेच बसले. बाहेर जाणार कुठं?

शुभवर्तमान वाचलं. टिपणं झब्ब्याच्या खिशात भिजून लगदा झाली होती, पण कोरडी असती तरी काढली नसती. ज्यांच्या घराला दारच उरलं नाही त्यांना दाराचं चित्र दाखवायचं? आणि "श्रीमंत कोण" हे त्या खोलीत विचारायचं? रविवारी लोकांसमोरच्या मिस्सेत गंभीर कारणाशिवाय प्रवचन गाळू नये, असं तेच ७६७ वं कलम सांगतं. गंभीर कारण कसं दिसतं ते आज पाहिलं. एवढंच म्हणालो, "लाजरसचं नाव देवाला माहीत होतं. आता आपण इथल्या सगळ्यांची नावं घेऊन प्रार्थना करू." आणि एकेकानं उठून आपलं नाव सांगितलं. एका आजीनं म्हशीचंही सांगितलं. कुणी हसलं नाही.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. सोनं लुटायला लोक आले, पण आपट्याची पानं कमी आणि चिखल जास्त.

पाणी उतरलं. सोयाबीन उभ्या जागी काळं पडलंय, शेंगांतून कोंब आलेत. ते तरी नुकसान म्हणून दिसतं. ज्यांचं शेत ओढ्याला लागून, त्यांची जमीनच खरवडून गेली. वरची काळी माती गेली, खाली पिवळा मुरूम उघडा पडला.

रविवारी संदेष्टा हबक्कूक आहे. "हे प्रभू, मी किती काळ हाका मारू, आणि तू ऐकत नाहीस?" वाचनक्रम १९६९ चा, पूर या आठवड्यातला. असं जुळून आलं की माझ्या अंगावर काटा येतो आणि थोडी भीतीही वाटते, कारण आता चुकलो तर दोष वाचनाला देता येणार नाही.

ब्रदरशी वाद झाला, बरा झाला. शुभवर्तमान आहे मोहरीच्या दाण्याएवढ्या विश्वासाचं. त्याचं म्हणणं, लोकांना आता विश्वास वाढवणारं काही हवं, आपण हबक्कूकच्या तक्रारीवर थांबलो तर ते खचतील. माझं म्हणणं, ते खचलेलेच आहेत. बायबलमध्ये तक्रारीला जागा आहे एवढं तरी त्यांना कळू दे. शुक्रवारी एका घरी एक बाई रडता रडता म्हणाली होती, "असं देवाला बोलू नये, पाप लागतं." ती जे बोलली होती ते हबक्कूकपेक्षा सौम्य होतं.

रविवार, ५ ऑक्टोबर

तक्रारच घेतली. पहिलं वाचन करणाऱ्या पोरीला सांगितलं होतं, ओरडून वाच, पत्र वाचल्यासारखं नको. तिनं वाचलं. मग मी त्याच बाईचं वाक्य घेतलं, तिला विचारूनच, आणि म्हणालो की हे बोलणं पाप असतं तर ते या पुस्तकात छापलं नसतं.

दुसऱ्या अध्यायात देव उत्तर देतो, पण काय म्हणतो? "दर्शन लिहून ठेव, पाट्यांवर स्पष्ट लिही." मागच्या भिंतीजवळून आवाज आला, "देवालाबी लेखीच पायजे!" सगळं चर्च हसलं. आठ दिवसांत पहिल्यांदा. पंचनाम्याच्या रांगेत उभं राहून, आधार, बँक पासबुक, फार्मर आयडी यांच्या झेरॉक्स काढून थकलेली माणसं ती. मी पुढचं वाक्य विसरलो. विसरलो ते बरंच झालं.

बुधवार, ८ ऑक्टोबर

काल सरकारनं ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. खरवडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख, शिवाय रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंत. आज प्रार्थनेला आधी अर्धा तास तोच विषय.

रविवारचं शुभवर्तमान दहा कुष्ठरोग्यांचं. परत येणारा एकच, आणि तो शोमरोनी, म्हणजे परका मानलेला. हा कृतज्ञतेचा रविवार, डोळे झाकून सांगता येतो. माझ्याकडं आधीच्या सहा वेळची टिपणं आहेत. (कृतज्ञता हा विषय कंटाळवाणा व्हायला नको खरं तर, पण होतो. "आभार माना" असं दुसऱ्यानं सांगितलं की आभार आटतातच.)

ब्रदरनं शुभवर्तमान वाचलं. कुणी अडलं नाही. सगळ्यांना पाठ. मग म्हटलं, पहिलं वाचन पण वाच. २ राजे ५. अरामाचा कुष्ठरोगी सेनापती नामान यार्देनमध्ये सात बुड्या मारतो, कातडी लहान पोरासारखी होते, संदेष्टा अलीशाला बक्षीस देऊ करतो, अलीशा घेत नाही. मग नामान म्हणतो, निदान मला दोन खेचरांवर मावेल एवढी माती द्या.

ओढ्याकाठच्या आजी पाय पसरून बसल्या होत्या. पाय आखडले.

"परत वाच रं. काय मागितलं त्यानं?"

"माती, आजी."

"किती?"

"दोन खेचरांवर मावेल तेवढी."

"कामून?"

ब्रदरनं माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं, त्या काळी लोकांना वाटायचं देव त्या त्या मातीचा असतो. याला आपल्या मुलखात जाऊन इस्राएलच्या देवाची भक्ती करायची होती, म्हणून तिथली माती सोबत.

आजी बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "आमची दीड एकराची गेली. दोन खेचरांत काय होतंय?"

त्यांचा नातू टिप्परवर असतो. त्यानं हिशेब केला, तोंडी. एकर म्हणजे त्रेचाळीस हजार पाचशे साठ चौरस फूट. फूटभर माती टाकायची तर, शंभर घनफुटांचा ब्रास धरून, चारशे पस्तीस ब्रास. तीन ब्रासचा टिप्पर धरला तर एकशे पंचेचाळीस खेपा. एका एकराला. तलावातला गाळ फुकट मिळाला तरी डिझेल कोण देणार? हेक्टरी ४७ हजार म्हणजे एकरी एकोणीस हजार. तो बोटांवर मोजत होता आणि खोलीत कुणी हलत नव्हतं.

घरी येताना ब्रदर म्हणाला, "फादर, माती शुभवर्तमानात नाहीये." नाहीये. पण तिथंच सगळे अडले. आणि माती कृतज्ञतेपासून लांब तरी कुठंय? नामान द्यायला आला होता, त्याचं दान घेतलं गेलं नाही, तेव्हा त्यानं मागितलं. उभं राहायला जमीन मागितली.

शनिवार, ११ ऑक्टोबर

लिहून झालं. लिहिलेल्यापेक्षा खोडलेलं जास्त. काय खोडलं ते लिहून ठेवतो.

"देव माती परत देईल" : खोडलं. मला माहीत नाही.

"माती गेली तरी विश्वास राहिला" : खोडलं. ज्याची माती गेली त्यानं म्हणावं, मी नाही. माझ्या पगारपत्रकात जमीन नाही.

पर्यावरण, नदीपात्रातली वाळू, बांधांवरची तोडलेली झाडं : सगळं खरं आहे, सगळं खोडलं. त्याला वेगळा दिवस हवा आणि ऐकणारे थोडे कोरडे हवेत.

नामानची मागची कथा ठेवली, कारण वाचन थेट चौदाव्या ओवीपासून सुरू होतं. त्याच्या घरातली पळवून आणलेली मोलकरीण पोर, तिच्या सांगण्यावरून तो निघाला, आमच्या दमास्कसच्या नद्या काय वाईट आहेत म्हणून चिडला, हे सगळं कापलेलं आहे. वाचन कापलेलं असलं की आधीचा आणि नंतरचा भाग बायबलमध्ये काढून बघायचाच. इथं नंतरचाही भाग लागला : अलीशा मातीच्या मागणीला हसत नाही, धर्मशास्त्र शिकवत नाही. एकोणिसाव्या ओवीत म्हणतो, "शांतीनं जा." माझं शेवटचं वाक्य तेच.

रविवार, १२ ऑक्टोबर

सहा मिनिटं वीस सेकंद. एकशे पंचेचाळीस खेपांचा आकडा सांगितला तेव्हा पुरुषांच्या बाजूनं "हां" असा आवाज आला, गणित बरोबर आल्यासारखा.

तक्रार आलीच. रविवारशाळेच्या मास्तरांनी पोरांकडून दहा कुष्ठरोग्यांचं नाटुकलं बसवून घेतलं होतं, प्रवचनानंतर सादर होईल म्हणून. अंगाला पट्ट्या बांधून दहा पोरं बाहेर उभी. मी कुष्ठरोग्यांवर एकच वाक्य बोललो. मास्तर म्हणाले, "फादर, आधी सांगितलं असतं तर खेचर बसवलं असतं." त्यांचं चुकलं नाही. बुधवारचं ठरलेलं मास्तरांना गुरुवारी कळवायचं, एवढं साधं काम राहिलं.

रविवार, १९ ऑक्टोबर

विधवा आणि अन्यायी न्यायाधीश. शिवाय जागतिक मिशन रविवार, त्याचं पत्र वाचायचं होतं आणि खास वर्गणी. दोन विषय एका प्रवचनात कोंबले की दोन्ही गुदमरतात. पत्र सूचनांच्या वेळी वाचलं.

"चिकाटीनं प्रार्थना करा" असं धरलं होतं. लूक स्वतःच दृष्टान्ताचा हेतू तसा सांगतो, त्यामुळे चूक नव्हतं. बुधवारी एक जण, नवरा जाऊन चार वर्षं झालेली, हळूच म्हणाली, "पण फादर, ती बाई देवळात नाही गेली. हापिसात गेली." मग प्रार्थना आणि हेलपाटा दोन्ही घेतले. ऑफिसात चौथ्यांदा जाणं हाही गुडघे टेकण्याचाच एक प्रकार आहे, असं काहीसं बोललो. पहिल्या ओळीत बसून ती पदराच्या टोकाला गाठी मारत होती.

भरलेलं चर्च यंदा हे शेवटचं.

सोमवार, २७ ऑक्टोबर

मुकादमाचा ट्रक शनिवारी पहाटे लागला. पहिली तारीख गाळपाची. भांडी, कोंबड्या, एक शेळी, पोरं. काल जकातदार आणि परूशीच्या प्रार्थनेला चौदा माणसं होती, त्यांतले दोन बहिरे.

ट्रकवर चढताना आजींची सून म्हणाली, "पुढच्या रविवारची वाचनं आत्ताच सांगा, फडावर कोण वाचणार?" बघितलं तर २ नोव्हेंबरला सर्व मृतांचा दिवस, आणि ९ ला रोमच्या लॅटरन महामंदिराच्या समर्पणाचा सण, दोन्ही रविवारीच. फडावरच्या पाचटाच्या खोपीत लॅटरन महामंदिर! मीच हसलो. पण पहिलं वाचन यहेज्केल ४७ : मंदिराच्या उंबरठ्याखालून पाणी निघतं, वाढत जातं, आणि ते जिथं जिथं जातं तिथं सगळं जगतं.

ब्रदर म्हणतो, पाण्याचं नको, या वर्षी तरी. मलाही तसंच वाटतंय. आजी मागं राहिल्यात, त्यांच्या उंबरठ्यावरून पाणी गेलं तेव्हा त्या घरातच होत्या. बुधवारी त्यांच्याकडंच प्रार्थना ठेवलीय.